तेल उतरेपर्यंत

देशाचे चारित्र्य त्याच्या क्लचमध्ये असते, असे आमच्या शेजारच्या तायडे काकांचे ठाम मत आहे. हे मत मी पहिल्यांदा ऐकले ते एका लग्नाच्या मांडवाबाहेर. आत लग्न लागत होते आणि बाहेर काका मोटारसायकलींच्या रांगेतून, सैन्याची पाहणी करणाऱ्या सेनापतीच्या थाटात, एकेका गाडीच्या क्लचची दांडी दाबत चालले होते. एका गाडीपाशी ते थांबले, खेदाने मान हलवली आणि म्हणाले, "हा मानूस उतावीळ आहे." तेवढ्यात तो उतावीळ माणूस चोर चोर म्हणत धावत आला. तो नवरदेवाचा मामा निघाला. काकांनी त्याला क्लचला थोडी ढील ठेवायला सांगितली आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले.

ढील म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. दांडी दाबली की सुरुवातीला ती जराशी रिकामी हलली पाहिजे, वायरीला ताण त्यानंतर यावा. ती रिकामी हालचाल म्हणजे ढील. ती नसेल तर क्लच घसरतो. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या सहवासाने मला प्रत्येक गोष्टीत जीवनाचे सार दिसण्याची खोड लागली आहे. एकदा मी काकांना म्हणालो, संसाराचेही असेच आहे, नाही का. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"संसाराचं मले नाई माहीत, भाऊ. मी क्लचचं सांगून रायलो."

काका कृषी खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षे अकोला जिल्ह्यात गेली, त्यामुळे त्यांचे प्रत्येक दुसरे वाक्य "बार्शीटाकळीले असतानी" असे सुरू होते. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये गच्च बसायची, आणि अशा चिखलातून गाडी काढायची तर अर्ध्या क्लचवर, तिची समजूत घालत. एकदा साहेबांची जीप रुतली तेव्हा काकांनी साहेबांना आपल्या मागे बसवून, बुटाला चिखल न लागू देता, डांबरी रस्त्यावर आणून सोडले. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा साहेब तालुक्याचे होते. नंतर ते जिल्ह्याचे झाले. मागच्या दिवाळीत ते मंत्री झाले. एवढी नियमित बढती मी कुठल्याच खात्यात पाहिलेली नाही.

आता काकांकडे मोटारसायकल नाही. हल्ली रस्त्यावरचे लोक असंस्कृत झाल्यामुळे आपण चालवणे सोडले, असे ते सांगतात. घरात गाडी आहे ती काकूंची, बिनगिअरची. काकू बचत गट, भिशी, आजारी मैत्रिणी आणि माहेरचे समारंभ यांत दिवसभर फिरतात, आणि कधीमधी काका पिशवी सांभाळत मागे बसतात. त्या वाहनाला ते गाडी म्हणत नाहीत. "मिक्सर आहे तो. बटन दाबा, फिरते."

गल्लीतल्या लोकांच्या गाड्यांचे क्लच सेट करून देण्याचा त्यांचा दिवस रविवार. पहिल्यांदा ते क्लचची वायर पूर्ण काढतात, फाटकाजवळच्या पेरूच्या झाडाला उभी टांगतात, वरच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि तिच्यात तेल ओततात. तेल थेंबाथेंबाने वायरीतून खाली उतरते. याला ते सलाईन लावणे म्हणतात. शेवटचा थेंब खालून पडेपर्यंत पेशंटच्या नातेवाइकाने उठायचे नाही. उठून जाणार तरी कसा? वायर झाडाला लटकलेली असते. मग खुर्ची येते, चिवडा येतो, स्टीलच्या ग्लासात चहा येतो, आणि साहेब बार्शीटाकळीच्या चिखलात रुततात. ते ग्लास मला रुमालाशिवाय धरवत नसत. काका तोच ग्लास मुठीत धरून सावकाश गोष्ट पुरी करत. खेड्यापाड्यांत घालवलेल्या नोकरीचा हा काटकपणा असणार, असे मी समजत होतो.

या सगळ्यात एकच अडचण होती. काकांनी सेट केलेला क्लच हमखास घसरायचा. ढिलीवर एवढे प्रवचन देणारा माणूस प्रत्यक्षात ढील अजिबात ठेवत नसे. त्यामुळे गल्लीचा एक अलिखित रिवाज पडला होता. रविवारी काकांचे आभार मानायचे, घसरत घसरत कोपऱ्यावरच्या शकील मिस्त्रीकडे जायचे आणि नट थोडा सैल करून घ्यायचा. काकांना यातले काही ठाऊक नाही, याची आम्ही सगळे मिळून काळजी घेत होतो.

मग गल्लीत बॅटरीच्या स्कूटर आल्या. एकेक करून मोटारसायकली गेल्या, आणि शेवटी क्लच असलेली गाडी एकट्या माझ्याकडे उरली. तीही तिवस्याचा माझा साळा मागत होता. एका रविवारी, वायर झाडाला लटकलेली असताना, मी काकांना ते सांगून टाकले. काका वायरीच्या टोकाकडे बघत राहिले. साहेब त्या दिवशी चिखलात रुतलेच नाहीत.

"इकून टाक," ते म्हणाले. "जुनी झाली आता. पन नेऊन द्यायच्या आधी एक डाव आन इकडे. नव्या मानसाच्या हाती चांगली गेली पाह्यजे."

मी मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे शकीलकडे गेलो. गाडी विकायची ठरली, आता बोलायला हरकत नाही, म्हणून मी त्याला हसत म्हणालो की काकांना आपल्या कसबाचा एवढा अभिमान आणि बिचाऱ्यांना पत्ताही नाही. शकील नट सैल करता करता थांबला.

"पत्ता नाई? सर, काका दर सोमवारी सकाळी इथं येतात. मले विचारतात, ग्रंथपालाची गाडी आली होती काय? नसन आली तर फोन कर त्याले, रस्त्यात धोका होईन. अन् माझं नाव नको सांगू, म्हनतात."

शकीलने स्वतःची बोटे माझ्यासमोर धरली.

"शुगरनं त्यायच्या बोटायले काई समजतच नाई आता. दांडी कुठं लागली, समजत नाई. म्हनून समजेपर्यंत कसत रायतात बिचारे. गाडी चालवनं काऊन सोडलं मंग त्यायनं?"

गाडीचा क्लच घसरणार हे पक्के माहीत असलेला माणूस दर रविवारी पिशवीत तेल ओतत होता. कारण तेल उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ समोरच्या खुर्चीत कोणीतरी बसलेले असते.

घरी येऊन मी साळ्याला नाही म्हणून कळवले. कारण विचारले तेव्हा गाडी चांगली आहे असे सांगितले. त्याने ती पाहिलेली असल्यामुळे तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मीही आता बॅटरीच्या स्कूटरवर ग्रंथालयात जातो. मोटारसायकल अंगणात पत्र्याखाली असते. रविवारी सकाळी ती ढकलत काकांच्या फाटकापर्यंत नेतो, वायर पेरूला टांगली जाते, चहा येतो. परवा काकांनी दांडी दाबून विचारले, "कशी चालून रायली?" मी म्हणालो, मस्त. "मंग! मी काय म्हनत होतो," काका म्हणाले आणि पिशवीत आणखी थोडे तेल ओतले.

सोमवारी ते आता शकीलकडे जात नाहीत. गाडीचे इंजिन पावसाळ्यापासून जाम आहे. क्लच त्यानंतर एकदाही घसरलेला नाही.