टॅबचं दावं

टॅब द्यायचा आणि लॅपटॉप घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. व्हॉट्सॲपवर चार मेसेजचं काम. रविवारी मध्यवर्ती बसस्थानकावर आकाशला भेटायचं, त्याच्या हातात माझा टॅब, माझ्या हातात त्याचा लॅपटॉप, एकेक कटिंग, संपलं. पण शुक्रवारी जेवताना हे मी घरात मोठ्यानं बोललो. माझ्या चुकांची यादी आप्पांना तोंडपाठ आहे (इंजिनिअरिंग चौथ्या सेमिस्टरला सोडलं, ही त्यात पहिलीही आहे आणि शेवटचीही), पण ही चूक त्या यादीत नाही. कारण ती झाली त्यांच्या ताटासमोर.

आधी टॅबविषयी सांगतो. टॅब म्हणावं तर त्याला कीबोर्ड आहे. लॅपटॉप म्हणावं तर तो कीबोर्ड चुंबकानं चिकटलेला, मांडी जरा हलली की सुटून चपलांच्या रॅकपर्यंत जातो. कॉलेजला ॲडमिशन झाली तेव्हा आप्पांनी घेऊन दिला. दुकानदारानं त्यांना फक्त "एकात दोन" एवढंच सांगितलं होतं. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना एकात दोन म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. सोफा-कम-बेड तसाच आला. त्यावर कोणाला नीट बसता येत नाही, म्हणून त्यावर मी झोपतो.

आता लॅपटॉप का हवा होता ते. सिडकोतल्या एका वेडिंग स्टुडिओनं मला टेस्ट दिली होती. पेनड्राइव्हमध्ये एका लग्नाचं शूटिंग, त्यातून तीन मिनिटांचा टीझर कापायचा आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत पाठवायचा. आवडला तर एडिटरची नोकरी. नाही आवडला तर मंगळवारपासून वाळूजला आप्पांच्या कंपनीत हेल्पर. सुपरवायझरशी बोलणं झालं होतं. माझ्यासाठी सेफ्टी शूजसुद्धा येऊन पडले होते, आठ नंबरचे. (माझा नंबर नऊ आहे. विचारलं कोणी?) आप्पांनी बावीस वर्षं एकाच जागी उभं राहून काढली. तेवढ्यात त्यांच्या पुढची मशीन दोनदा बदलली, आप्पा तेच. याला ते स्थैर्य म्हणतात.

टॅबवर टीझर कापायला बसलो की एक्केचाळिसाव्या सेकंदाला नवरी हार उचलायची आणि टॅब हँग व्हायचा. हार हवेत, नवरदेव मान वाकवून उभा, वर चाक फिरतंय. आठ दिवस त्या गड्याची मान खाली होती. आणि मी तर टेस्टच्याही आधीपासून बदलू की नको या विचारात रिव्ह्यूचे व्हिडिओ बघत होतो. आमच्याकडं नेट कधीही जातं, म्हणून टॅबवरच डाउनलोड करून ठेवत होतो. चौसष्ट झाले. बत्तीस सांगत होते बदल, बत्तीस सांगत होते थांब. माझं जेवणात लक्ष नव्हतं, अंघोळीत नव्हतं. एका जागी बसवत नव्हतं आणि चालायला आमच्या खोलीत जागा नाही.

आकाश माझ्याच वर्गातला. त्यानं कॉलेज पूर्ण केलं (आमच्या घरात त्याचं नाव घेताना आवाज खाली येतो) आणि आता सिल्लोडला क्लासमध्ये गणित शिकवतो. त्याला पेननं गणितं लिहायला टॅब पाहिजे होता. त्याचा लॅपटॉप मात्र दणकट, ग्राफिक कार्डवाला, अगदी मला लागतो तसा.

"मामाला विचारून घे," आप्पा म्हणाले.

"मामाला काय कळतं त्यातलं?"

"बदल्यात तो कधी फसला नाय."

माझ्या मामाचं नाव काकासाहेब आहे. ज्या खानदानात मामाचं नाव काकासाहेब ठेवतात, तिथं सरळ काम होईल अशी आशा मीच करायला नको होती. मामा गंगापूरचा. तीस वर्षं त्यानं बैलबाजारात सौदे जुळवले. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मामाचा अनुभव मात्र तेवढाच राहिला. तो कुठंतरी काढावा लागतो.

रविवारी सकाळी तो शेअर जीपनं आमच्याकडं बजाजनगरला आला. चहाच्या आधी टॅब मागितला. हातावर तोलला, पालथा केला, पाठीवर थाप मारली.

"किती वर्साचं हाय?"

"तीन."

"खोड काय?"

"हँग होतं."

"म्हंजी बसकण मारतं. सांगून टाकायचं. खोड लपवून दिलं की जनावर आठ दिसांत माघारी येतं, वर इज्जत जाती."

"मामा, ते जनावर नाय."

"तू गप बस. अर्ध्यात सोडून आलेल्यानं व्यवहारात बोलू नाही."

बारा वाजता आकाश बसस्थानकाऐवजी घरीच आला. सोबत त्याचे आजोबा, कडुबा. म्हणजे त्यानंही घरात मोठ्यानं बोलून ठेवलं होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

कडुबांनी मामाला दारातच ओळखलं. "काकासाहेब ना? तांबडा खोंड?"

"आबा तुम्ही?" मामा उठून उभा राहिला. आमच्या घरात मामा कोणासाठी उठत नाही. "बारा वर्सं झाली की."

मग अर्धा तास तांबडा खोंड. लॅपटॉप सोफा-कम-बेडवर पडून होता, त्याच्याकडं कोणी बघेना. शेवटी आप्पांनी खाकरून विषय काढला, तेव्हा मामानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि स्वतःच्या अन् कडुबांच्या हातांवर टाकला. बैलाचा भाव असा टॉवेलाखाली बोटं धरून करतात, बाजूच्या माणसाला कळू नये म्हणून. बाजूला फक्त मी आणि आकाश होतो. म्हणजे ज्यांच्या वस्तू होत्या ते.

दहा मिनिटं दोघं हातात हात घालून बसले. मामा छताकडं बघायचा. कडुबा मान हलवायचे. मधेच मामा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि कडुबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं रिझल्टच्या दिवशी शेजारी बघतात. मग टॉवेल निघाला.

"बदल्याला बदला," मामानं जाहीर केलं. "वरून काय नाय. पोरांनो, जावा, भजे आणा गरम. आम्ही सामान भरतो."

इथं मी जायला नको होतं. पण आम्हाला लहानपणापासून सवय, मोठे बोलायला बसले की आपण भजे आणायचे. परत आलो तर लॅपटॉप बॅगेत भरून तयार, टॅब कापडी पिशवीत. आकाशला दीडची एसटी गाठायची होती. "आतलं सगळं साफ करून घे," मी त्याला सांगितलं आणि रिक्षात बसवून दिलं.

लॅपटॉप उघडला. पेनड्राइव्ह लावला. एक्केचाळिसावा सेकंद आला आणि हार सरळ नवरदेवाच्या गळ्यात पडला. आठ दिवसांनी त्यानं मान वर केली. माझीही झाली. मी भराभर कापायला लागलो, मिनिटभराचा टीझर झाला, आणि कोपऱ्यात बॅटरी लाल झाली. बॅगेचे सगळे कप्पे उपसले. एक खडू निघाला.

"मामा, चार्जर कुठंय?"

"कंचा?"

"लॅपटॉपचा. काळी वायर, मधे विटेएवढं डबडं."

"दावं व्हय? ते त्यांनी नेलं."

"नेलं?"

"नेणारच. जनावर दिलं म्हणून दावं कोणी देतं का? दाव्यासंग बरकत जाती. आपलं बी ठेवलंय की मी काढून."

त्यानं बोट दाखवलं. देवघराशेजारच्या खिळ्याला टॅबचा चार्जर नीट गुंडाळून टांगला होता. खाली, लक्ष्मीच्या फोटोला टेकवून, टॅबचा कीबोर्ड. "ती झूल," मामा म्हणाला. "झूल बी देत नसत्यात." आईनं त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. कुंकू बरोबर स्पेसबारवर.

तेवढ्यात आकाशचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"ऋत्या, हा टॅब आहे का शाळेतली पाटी? कीबोर्ड कुठंय?"

"खिळ्याखाली."

"काय?"

"लॅपटॉपचा चार्जर कुठंय ते सांग आधी."

पिशवीची खसखस ऐकू आली. मग तो हळूच म्हणाला, "आबांच्या धोतरजोड्यात गुंडाळलेला आहे. आबा, हे काय केलं?"

मागून म्हातारा शांतपणे बोलला, "दावं कोण देतं रे?"

"बघ," मामा मला म्हणाला. "खानदानी माणूस."

मी दुकानांकडं पळालो. एक बंद होतं. दुसऱ्यानं लॅपटॉपची पिन बघून सांगितलं, पुण्याहून मागवावा लागेल, चार दिवस. परत आलो तेव्हा आकाश आजोबांना घेऊन फुलंब्रीच्या स्टँडवर उतरून थांबला होता. सोपं होतं. मी टॅबचा चार्जर नेऊन द्यायचा, लॅपटॉपचा आणायचा. खिळ्याला हात लावला तर आई आडवी आली.

"भाऊ म्हणतो ते ऐक. दावं गेलं की गोठा मोडतो."

"आई, आपल्याकडं गोठा नाय. एक खोली आणि किचन आहे."

"म्हणून तर जपायचं," मामा म्हणाला.

मी आप्पांकडं बघितलं. ते खाली बघून भज्यांचा कागद घडी घालत होते. "एवढी तडफड कशाला करतो," ते म्हणाले. "मंगळवारी तर कंपनीत जायचंच हाय."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण ते समजूत घालत होते. म्हणजे माझा टीझर कोणी पसंत करेल असं या घरात एकाही माणसाला वाटत नव्हतं. शूज आधीच दारात होते. बरकत मात्र खिळ्याला टांगून सगळे तिची राखण करत होते. मग मी बोललो, बरंच बोललो. बावीस वर्षं एका जागी उभं राहिल्याबद्दल बोललो, बैल नसताना बैलबाजार करण्याबद्दल बोललो. आई रडायला लागली. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडावरून टॉवेल फिरवला.

"एकच वाट हाय," तो म्हणाला. "सौदा मोडायचा. जनावरं आपापल्या दाव्याला."

दुपारी चारला मी आणि मामा आप्पांच्या मोटरसायकलवर फुलंब्रीला. मधे लॅपटॉप, मामाच्या मांडीवर, जावयासारखा. स्टँडवरच्या बाकावर पुन्हा टॉवेल पडला. मोडायला कशाला टॉवेल लागतो, मी विचारलं. मामानं कोपरानं मला बाजूला सरकवलं. आकाशनं टॅब दिला, मी लॅपटॉप दिला. दोघांच्याही तोंडावर मयतीला आल्यासारखं होतं.

निघताना कडुबांनी मला जवळ बोलावलं. "पोरा, तुझा मामा खरा माणूस. दोन्ही खोडी सांगितल्या त्यानं."

"दोन?"

"जनावर बसकण मारतं म्हणला. अन् धनी अर्ध्यात सोडतो म्हणला. माझा लॅपटॉप भारी, मी वरून चार पैसे मागणार होतो. पण दुसरी खोड ऐकली अन् म्हणलं, जाऊ दे. पोराचं काहीतरी भलं होऊ दे."

मामा एसटीचं वेळापत्रक वाचत होता. त्याला वाचता येत नाही.

घरी आलो. टॅब खिळ्यावरच्या चार्जरला लावला, कुंकवाचा कीबोर्ड चिकटवला, पेनड्राइव्ह लावला आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाची वाट बघत बसलो. नवरीनं हार उचलला. हार गळ्यात पडला. पुढं सनईवाला आला, करवली आली, वरमाई आली, टॅब पळतच राहिला. मी आकाशला फोन लावला.

"काय केलंस याला?"

"काय नाय. तूच म्हणालास ना साफ कर. एसटीत बसल्या बसल्या केला. चौसष्ट व्हिडिओ होते भावा. टॅब की लॅपटॉप, टॅब की लॅपटॉप. सगळी जागा त्यांनीच खाल्ली होती."

मी फोन ठेवला.

सोमवारी नऊ बावन्नला टीझर पाठवला. पूर्ण. तीन मिनिटं शून्य सेकंद. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी शेवटपर्यंत नेलं होतं आणि बघायला घरात फक्त आठ नंबरचे शूज होते. बाराला स्टुडिओचा मेसेज आला: काम आवडलं, एक तारखेपासून या, येताना स्वतःचा लॅपटॉप आणा, टॅब चालणार नाही.

या वेळी मी घरात चकार शब्द काढला नाही. टॅब पिशवीत घातला, गच्चीवर गेलो आणि आकाशला फोन केला.

"बदलायचा का? आपण दोघंच. घरात कोणाला सांगायचं नाय."

"चालंल," तो म्हणाला. "फक्त चार्जर मी ठेवतो. मला पटत नाय रे ते. पण आबांचं वय झालंय. तुझ्यासाठी पुण्याहून नवीन मागवतो."

मग मी त्याला सोडला नाही. शिकलेला माणूस, गणिताचा सर, पोरांना काय शिकवणार, म्हाताऱ्यांनी आपल्या पिढीचं वाटोळं केलं आणि आपण त्यांच्याच वायरी गुंडाळत बसायचं का, सगळं काढलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?" तो म्हणाला. "मग तुझा चार्जर देतोस ना?"

मी पिशवीत हात घातला. चार्जर नव्हता. मघाशी निघताना मीच तो नीट गुंडाळून परत खिळ्याला टांगून आलो होतो.

"तुझ्यासाठी पण नवीनच मागवतो," मी म्हणालो.