गोल नको, सरळ!

"उन्हात उभी करा, बॅटरी मारा, भिंग लावा! माझ्या गाडीवर एक गोल ओरखडा दाखवा, वर्षभर तुमची गाडी मी धुऊन देतो. माझ्या हातानं!"

कानिफनाथ वाबळेनं ही पैज सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर रविवारी सात माणसांसमोर लावली. सहा जणांनी हसून सोडून दिली. सातवे होते शरच्चंद्र जोशी, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी आपल्या जुन्या, चिखलानं माखलेल्या स्कूटरकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. "लक्षात ठेवतो हं, वाबळे," एवढंच म्हणाले. आता मास्तर लक्षात ठेवतो म्हणाले, म्हणजे ठेवणारच!

पण कानिफनाथची बाजूही समजून घ्यायला हवी. गडी नगरच्या एमआयडीसीत क्वालिटीला. दिवसभर एकच काम. चकचकीत पार्ट हातात घ्यायचा, उजेडात तिरका धरायचा, आणि ओरखडा दिसला की बाजूला फेकायचा. अशा माणसानं काळी गाडी घ्यावी का? पण घेतली! आणि काळ्या रंगाचं दुखणं असं की मळक्या फडक्यानं गोल गोल पुसला की त्याच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं. सावलीत दिसत नाही, पण गाडी उन्हात आणा, कोळ्यानं संसार थाटल्यासारखं चमकतं! त्याला म्हणायचं स्वर्ल मार्क. हा शब्द कानिफनाथनं मोबाईलवरच्या एका व्हिडिओत ऐकला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

मग घरात दोन बादल्या आल्या. एक साबणाची, एक फडकं विसळायची. मऊमऊ फडकी आली, एक नाही, बारा! ती घरच्या कपड्यांत धुवायची नाहीत. वाळायला मानाची मधली दोरी त्यांना, आणि बायकोच्या साड्या दारावर.

"मला सणाला एक साडी, आणि हिला फडकी बारा!" राजनंदिनी म्हणायची. "सवतीचेसुद्धा एवढे लाड कुणी करत नाही हो!"

हे चेष्टेत चाललं होतं तोवर ठीक होतं. पण दिवाळीत सासुरवाडीला घोटाळा झाला. सासुरवाडी मिरजगावच्या पुढं, वस्तीवर. गाडी दारात लागली, धुरळ्यानं पांढरी झालेली. सासरे आप्पासाहेब कौतुकानं पुढं झाले, खांद्यावरचा पंचा काढला आणि लागले बॉनेट पुसायला. गोल गोल!

"मामा! हात काढा!" कानिफनाथ ओरडला.

तापल्या तव्यावरून काढावा तसा आप्पासाहेबांनी हात काढला. त्या दिवशी जेवले अर्धीच भाकरी, आणि निरोप द्यायला आले ते गाडीपासून दोन हात लांब, हात पाठीमागं बांधून उभे राहिले. राजनंदिनी नगरपर्यंत खिडकीबाहेर बघत आली.

म्हणून यंदा धोंड्याच्या महिन्याचं आवतण आलं तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "अहो, आईनं जावयाला धोंडे खायला बोलावलंय. माझ्या आप्पांच्या दारात गाडीवरून एक शब्द जरी काढलात ना, तर मी परत येणार नाही. गाडीला घेऊन संसार करा!"

आवाज असा होता की कानिफनाथनं शपथच घेतली. दारात बोलायचं नाही म्हणजे नाही! पण हुशार माणूस गप्प बसतो का? दारात बोलायचं नाही ठरलं होतं. फोनवर बोलायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? बायको भाजीला गेल्यावर त्यानं सासऱ्यांना फोन लावला. म्हटलं, गोडीत समजावून सांगू.

वस्तीवर रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर. शेजारी मोटार धडधडतेय, अशात आप्पासाहेब कानाला फोन लावून उभे.

"मामा, गाडीला फडकं नको हां! स्वर्ल मार्क येतात!"

"काय येत्यात?"

"स्वर्ल मार्क! स्वर्ल! गोल गोल नको!"

"गोल नगं. बरं. मंग कसं पायजे?"

"करायचंच असेल तर सरळ!"

"सरळ मार्क! गोल न्हाई, सरळ. आलं ध्यानात, पाव्हणं! तुमी काय बी काळजी करू नका!"

कानिफनाथनं फोन ठेवला आणि आरशात बघून मिशीवरून हात फिरवला. याला म्हणतात डोकं!

ठरल्या दिवशी दोघं वस्तीवर पोचले. आप्पासाहेब दोन हात लांबूनच "या, या" म्हणाले. सासूबाई रतनबाईंनी जावयाचे पाय धुतले, ओवाळलं, आणि मग ताट घेऊन वळल्या गाडीकडं. "ही बी लक्ष्मीच हाय," म्हणत चाकांवर पाणी घातलं आणि बॉनेटवर कुंकू लावून त्यावर ओले तांदूळ अंगठ्यानं दाबून बसवले. चांगले घासून! तांदळाचा एकेक दाणा कानिफनाथच्या काळजावरून फिरला. त्यानं तोंड उघडलं. राजनंदिनीनं नुसतं बघितलं.

"छान!" तो म्हणाला.

"आवडलं व्हय? मंग ह्या अंगाला बी लावते!" रतनबाई खूश होऊन म्हणाल्या.

जेवायला पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. नको म्हणायची सोय नाही. अकरा धोंडे पोटात गेल्यावर जावयाला पडवीतल्या खाटेवर आडवं करण्यात आलं. डोळा लागता लागता त्याला बाहेरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "आधी पॉलिश मार. चांगलं दाबून मार, कुठं सोडू नगंस!"

कानिफनाथ झोपेतच हसला. बघा, माणसाला नीट समजावून सांगितलं की कसं कळतं! गाडीला पॉलिश चाललंय! मग बराच वेळ खर्र, खर्र असा आवाज येत राहिला. कुणीतरी घोरत असेल म्हणून त्यानं कूस बदलली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तो डोळे चोळत अंगणात आला आणि जागच्या जागी उभा राहिला. गाडीच्या अंगावर, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, दोन जाड रेघा होत्या. एक पिवळी, एक लाल. दोन्ही बाजूंनी! आणि ब्रश घेऊन मागं उकिडवा बसलेला गोरक्ष पेंटर शेवटचा हात मारत होता.

"राम राम, पाव्हणं!" गोरक्ष म्हणाला. "मिरजगावच्या निम्म्या ट्रॉल्या माझ्या हातच्या हायत, पन एवढी सरळ रेघ म्या बी कधी मारली नव्हती!"

"पॉ... पॉलिश?" कानिफनाथच्या तोंडून एवढंच निघालं.

"मारला की पॉलिश पेपर! कंपनीचा रंग लई गुळगुळीत, ब्रश धरत न्हाई. म्हनून आधी खरबडून घेतला."

खर्र, खर्र! म्हणजे ते घोरणं नव्हतं तर!

"हा गडी फुलं काढनार व्हता," आप्पासाहेब लांबून म्हणाले. "ट्रॉलीवर काढतो तसली. म्या म्हनलं, खबरदार! आमच्या जावयाला गोल चालत न्हाई. सरळ मार्क पायजेत! दोरी धरून मारल्यात बघा. आन म्या हात लावला न्हाई हां! एकदा बी न्हाई!"

आणि त्यांनी खरंच पाठीमागचे दोन्ही हात पुढं करून दाखवले. कोरडे, स्वच्छ.

"पाव्हण्यांचा फोन आल्यापास्नं आठ दिस झालं, त्या पेंटरच्या मागं हिंडत्यात," रतनबाई पदराआडून म्हणाल्या. "झोपंत बी सरळ मार्क, सरळ मार्क! दिवाळीला पाव्हणं नाराज हून गेलं, ते लई लागलं त्यांना."

राजनंदिनीला आता फोनची सगळी भानगड कळली होती. ती तोंडावर हात ठेवून नवऱ्याकडं बघत होती. आता हा काय बोलतो? एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द कानिफनाथच्या घशापर्यंत आलाही होता, आणि तो ताटावर बसून म्हणण्यासारखा नव्हता. पण समोर सासरे हात पुढं करून उभे. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा चेहरा. कानिफनाथला कसंतरीच झालं. आपण या माणसाला काय करून ठेवलंय, असं त्याला वाटलं.

तो वाकला. एक डोळा मिटून रेघेच्या टोकावरून त्यानं पार मागपर्यंत बघितलं. सवयच ती! आणि खोटं कशाला बोला, केसाचा फरक नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "आमच्या कंपनीत असता ना, तर एकही पार्ट फेकावा लागला नसता!"

आप्पासाहेबांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते मिशीत हसले. राजनंदिनीनं तोंडावरचा हात काढला.

निघायची वेळ झाली. आप्पासाहेब परत दोन हात लांब.

"मामा, लांब का? या की जवळ. ठेवा हात गाडीवर."

"नगं, हात मळका आसतोय आमचा."

"ठेवा हो! तुमच्या लेकीची गाडी आहे!"

आप्पासाहेब भीत भीत पुढं आले. पंजा उघडला आणि प्रेमानं, चांगला जोर देऊन ठेवला. कुठं? ओल्या पिवळ्या रेघेवर! उचलला तेव्हा पंजा पिवळा, आणि तसाच थोडा वर काळ्यावर टेकला, तिथं अंगठ्यासकट पाची बोटं उमटलेली. म्हातारा गार पडला. रतनबाईंनी डोळे मिटले.

"थांबा, थिनरनं पुसतो!" गोरक्ष फडकं घेऊन धावला.

"हात लावू नको!" कानिफनाथ असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग आवाज उतरवून म्हणाला, "राहू दे. पुसायचं नाही ते." आणि त्याला हसू फुटलं. मग आप्पासाहेबांनाही फुटलं. नगरपर्यंत राजनंदिनी खिडकीबाहेर बघत नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मास्तर विसरले नव्हते ना!

रविवारी सकाळी लख्ख उन्हात जोशी मास्तर भिंग घेऊन आले. दोन्ही रेघा तपासल्या. "या सरळ आहेत. धरत नाही," म्हणाले. पॉलिश पेपरचे ओरखडे बघितले. "हेही सरळच. धरत नाही." कानिफनाथनं सुस्कारा सोडला. मग मास्तर पंजाजवळ थांबले आणि अंगठ्यावर भिंग धरलं.

"वाबळे, हे काय?"

"सासऱ्यांचा अंगठा आहे, सर."

"कुणाचा ते विचारलं नाही. त्यातल्या रेघा कशा आहेत?"

कानिफनाथनं भिंग घेतलं. एकात एक, एकात एक, बारीक वेढे. हा माणूस आयुष्यभर क्वालिटीला, खोटा शेरा मारायची जीभ नाही.

"गोल आहेत," तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी कानिफनाथ दोन बादल्या घेऊन खाली उतरतो. परवा हात साबणात असतानाच आप्पासाहेबांचा फोन आला.

"पाव्हणं, मार्क सरळ हायत ना आजून?"

"एकदम सरळ, मामा!"

"मंग काय चाललंय?"

"काही नाही, गाडी धुतोय," कानिफनाथ म्हणाला. कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही.

"धुवा, धुवा! पन ध्यानात ठिवा हां," आप्पासाहेबांनी विहिरीवरून बजावलं, "गोल पुसू नका! मार्क पडत्यात!"

"व्हय मामा," कानिफनाथ म्हणाला, आणि मास्तरांच्या स्कूटरवरून त्यानं फडकं सरळ ओढलं.