चारही बाजूंनी तोच रंग

हरेश्वरकाका कुठलीही वस्तू दुकानात पसंत करत नाहीत. ती उचलून ते रस्त्यावर येतात. माझ्या बहिणीच्या लग्नाचा शालू त्यांनी असाच पालघरच्या दुकानातून सरळ बाहेर नेला, तेव्हा मागोमाग दोन नोकर धावत आले. काका रस्त्यात शालू उन्हात धरून उभे. "पळत नाय रे बाबांनो," ते शांतपणे म्हणाले, "कापड ट्यूबलाइटखाली खोटं बोलतं."

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. पाम गावात आमच्यापासून चौथं घर त्यांचं. शिक्षण सातवी. तारापूरच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याच्या रंगखात्यात त्यांनी एकतीस वर्षं शेड जुळवली. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी पाठवायची आणि काकांनी तोच रंग हजार मीटरवर उतरवायचा. पुढे या कामाला मशीन आलं. तरी मशीनने पास केलेला लॉट एकदा हरेश्वरला दाखवा, असं साहेब सांगत. हे आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे, मी जरा जास्तच वेळा सांगते.

हा डोळा निवृत्त होत नाही. एकांनी घर रंगवलं म्हणून जेवायला बोलावलं, तर ताटावर बसल्या बसल्या काका म्हणाले, "भिंतीला दोन लॉटचा रंग लागलाय. खिडकीपासून बदलला." यजमान म्हणाले, छे. यजमानीणबाई म्हणाल्या, खिडकीपाशीच डबा संपला होता. जेवण त्यानंतर फार रंगलं नाही.

आता माझं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.कॉम. झाले, मग डिझाइनचा कोर्स केला आणि घरी बसून कपड्यांवरच्या छपाईची डिझाइनं करायला लागले. लहान मुलींच्या फ्रॉकचं पहिलं मोठं काम बोईसरच्या एका कारखान्याने दिलं. स्क्रीनवर सुरेख दिसणारी माझी जास्वंद कापडावर उतरली ती आजारी माणसासारखी फिकी. त्यांनी नमुना परत केला, आणि आठ दिवसांत दुसरा द्या, तोही चुकला तर काम दुसऱ्याला जाईल, असं स्वच्छ सांगितलं. घरी आईने, बँकेच्या परीक्षांचे फॉर्म कधी निघतात, असं सहज विचारलं.

काका नमुना बघायला आले. माझा मॉनिटर मैत्रिणीच्या भावाचा, गेम खेळून जुना झालेला. तो मी बुटक्या कपाटावर ठेवला होता आणि समोर पाटावर बसून काम करत होते. काका उभे राहिले, पाटावर बसले, परत उभे राहिले. गुडघे दुखतात तरी असं चार वेळा केलं.

"बाय, तू खालून बघते. खालून रंग काळवंडतो. म्हणून तू तो फिका करत गेली. कापड काय पाटावर बसून बघतं?"

मी उभी राहिले. माझी जास्वंद डोळ्यांदेखत फिकी पडली. कोर्समध्ये मॉनिटरच्या पॅनेलचे प्रकार मी पाठ केले होते. माझा टीएन जातीचा आहे आणि बघायची जागा बदलली की त्याचा रंग बदलतो, हे परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते.

दुसऱ्याच दिवशी नवा मॉनिटर बघायला आम्ही बोईसरच्या दुकानात. माझ्याकडे पेनड्राइव्हवर डिझाइन, काकांच्या खिशात कारखान्याने रंग जुळवायला दिलेली चिंधी. दुकानदार उत्साही. त्याने गेम लावला, त्यात गाडी सुसाट सुटली. सेकंदाला किती चित्रं बदलतात, ते तो सांगत राहिला. काकांनी गाडी वळणावरून जाईपर्यंत पाहिली. "चांगली पळते. आमच्या फ्रॉकला पळायचं नाय."

मग त्यांनी मॉनिटर बाहेर उन्हात आणायला सांगितला. वायर काढली की बंद पडेल, हे दुकानदाराने दोनदा समजावलं. "मग दुकानातल्या ट्यूब बंद करा," काका म्हणाले. इतर गिऱ्हाइकांसह सगळे अंधारात उभे राहिलो.

आधी व्हीए जातीचा. त्याचा काळा बघून काका खूश झाले. "पक्का काळा हाय. धुतला तरी जाणार नाय." पण बाजूला सरकले तसे त्यांनी तोंड वाकडं केलं. कडेने जास्वंद विटत होती. मग आयपीएस जातीचा. काका समोरून बघून आले, डावीकडून, उजवीकडून, उकिडवे बसून, शेवटी दुकानदाराच्या स्टुलावर चढून. दुकानदार म्हणाला, "अंकल, गिर जाओगे." अंकल चिंधी काचेला लावून उभेच.

"ह्याचा काळा थोडा राखाडी मारतो. तुझ्या फ्रॉकात काळा किती?"

"पाकळ्यांच्या मधले ठिपके तेवढे," मी म्हटलं.

"मग हाच घे. चारही बाजूंनी तोच रंग."

दुकानदार मला हळूच म्हणाला, डिझाइनवाल्यांना मी हाच देतो, हे सुरुवातीलाच सांगणार होतो. मी त्याला म्हटलं, तुम्ही ऐकलेलं सांगितलं असतं, काकांनी बघून सांगितलं.

नवा मॉनिटर टेबलावर आला, मी खुर्चीवर आले. सातव्या दिवशी नमुना दिला. कारखान्यातल्या बाईंनी तो खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला आणि सही केली. पुढच्या तीन डिझाइनांचं कामही दिलं. मी घरी न जाता आधी काकांकडे गेले. ते फक्त म्हणाले, "जमलं ना? मग झालं." पण संध्याकाळपर्यंत आळीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

चार दिवसांनी दुपारी काका प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो घेऊन आले. केळव्याच्या जत्रेत काढलेला, काकींचा. काकींना जाऊन सहा वर्षं झाली. फोटो सगळा तांबूस पडला होता.

"साडी मोरपंखी होती, बाय. ह्यात विटकरी दिसते. तुझ्या ह्याच्यावर होईल काय?"

मी फोटो स्कॅन करून लावला. काका शेजारी बसले. निळा चढव. एवढा नाय. आता हिरवा जरासा. तांबडा उतरव. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास काका बोलायचे थांबले. त्यांचा हात स्क्रीनकडे, काकींच्या पदराकडे गेला आणि काच खराब होईल म्हणून मागे आला. बराच वेळ ते बघत होते. मग उठले, चपला घातल्या.

"जवळ आलाय," दारातून म्हणाले, "पण पास नाय. उद्या बघू."

रंग बरोबर होता. मला कळलं होतं, त्यांना तर माझ्या आधी कळलं असणार.

"हो काका," मी म्हटलं, "मलाही हिरवा थोडा जास्त वाटतोय. उद्या चारला या."

आणि आत जाऊन आईला सांगितलं, उद्यापासून चारच्या चहाला एक कप जास्त टाक.