पेलिकनाचे पंख टेक्सासच्या स्वारीतून बचावले त्याची हकीकत

ओहायो मुलुखी संग्रहालयात 'पेलिकन' नामे अंतराळयान, बहुत वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करोन, पेन्शनीत सुखे बसले होते. त्याजवर टेक्सासकरांनी कैसी मोहीम काढिली आणि काय फळ पावले, तो मजकूर चित्त देऊन ऐकावा.

टेक्सासचे सिनेटर, अखंडितलक्ष्मीअलंकृत क्लेटन ब्रॅझेल, यांची निवडणूक समीप आली आणि पराक्रम तर गाठी काहीच नाही, मग त्यांनी खलबत करोन विधेयक मांडिले की पेलिकन आमचे संग्रहालयी आणावे आणि रस्त्यात न मावल्यास पंख कापोन आणावे. पंख कापोन! ऐसी अक्कल देव वैऱ्यासही न देवो.

ही खबर येताच संग्रहालयाच्या किल्लेदार मार्ज कोवाल्चिक यांस अन्न गोड लागेना. यान त्यांनी पोटच्या लेकरासारखे जपिले होते. मग बाई वॉशिंग्टनास समितीचे दरबारी जातीने हजर जाहल्या आणि कडाडल्या, "अहो सिनेटरसाहेब, सोफा दारातून जात नाही म्हणून घरी करवत काढता का?"

त्यावर सिनेटरांनी फर्माविले की कापणे राहो, पूर्वी जे विमान पेलिकनास पाठीवर घेऊन उडत असे, त्याजवर लादोन आणावे.

"ते विमान तुमच्याच संग्रहालयात आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीच त्याला भोकं पाडून जिना ठोकलाय आणि आत पोरांचे वाढदिवस करताय!"

सिनेटरांनी फर्माविले, तर मग जिना उखडावा. जिना उखडणार हे वर्तमान टीव्हीवरून टेक्सासी पोहोचले आणि तेथील आया खवळल्या आणि सिनेटरांच्या कचेरीवर फोनांचा भडिमार जाहला. खुद्द कन्या शॅननबाईंनी बजाविले, "डॅडी, शनिवारी तुमच्या नातीचा, मॅडीचा वाढदिवस तिथेच आहे. जिन्याला हात लावून तर बघा!"

मग सिनेटरांचा धीर सुटला आणि तह जाहला, की पेलिकन पंखांसह ओहायोत राहावे, आणि टेक्सासकरांनी रिक्तहस्ते जाऊ नये, सबब यानातील शौचपात्र त्यांस बहुमानपूर्वक द्यावे. ते टेक्सासी दाखल होताच शाळेचा बँड वाजला, ब्रिस्केट नामे धुरावर भाजल्या मांसाच्या पंगती उठल्या आणि सिनेटरांनी फीत कापोन विजयाचे भाषण केले.

इकडे मार्जबाई पंखाखाली उभ्या राहोन आनंदाने ढसढसा रडल्या. कोणी पुसिले, शौचपात्र गेल्याचा खेद तर नाही?

"छे हो! शेवटच्या सफरीत तुंबलं ते तुंबलंच. मी विचारच करत होते, आता हे कुणाच्या गळ्यात मारावं!"

येणेप्रमाणे पेलिकनाचे दोन्ही पंख राखिले, वैऱ्यास वाजतगाजत माघारी लाविले, आणि फत्ते ओहायोकडे लिहिली असे.