छातीतला गोळा आणि नागरत्नाची पाकिटं

हुशारीत आमचा हात धरणारा अख्ख्या मैलूरमध्ये नाही! आता हेच बघा. खोकल्यापायी छातीचा एक्स-रे काढायला एकटाच गेलो. मशीनवाला नागराज म्हणाला, "अण्णा, गळ्यातली चांदीची डबी काढा." आम्ही लिंगायत, डबीत इष्टलिंग! ते अंगावेगळं करायचं नसतं आणि मशीनवाल्याशी भांडायचंही नसतं. त्यानं तोंड फिरवताच मी डबी हळूच पाठीवर टाकली. धर्मही राहिला, फोटोही निघाला!

डॉक्टर किशनरावांनी फोटो उजेडावर धरला आणि त्यांचं तोंड कारल्यागत झालं.

"छातीत गोळा दिसायलाय. लिंबाएवढा! हैदराबादला जाऊन सुईनं तुकडा काढून तपासावा लागंल."

घरी येऊन सांगितलं, तर बातमी ऐकून दुपारपर्यंत भालकीचा मेहुणा वीरण्णा हजर. "दाजी, काय खावं वाटायलंय?" म्हणून त्यानं गळाच काढला. मीही हुंदका देत पुरणपोळी सांगितली!

बायको नागरत्ना मात्र रडेना. तिनं पोळ्या करून ठेवल्या आणि ट्रंकेतून उशीचा अभ्रा ओढला. त्यात घरादाराचे एक्स-रे, सोनोग्राफ्या, स्कॅन. हरेक पाकिटावर तारीख, दवाखाना, अवयव आणि 'कामून काढला', म्हणजे कशापायी. "हाडांचा अल्बम!" म्हणून मी आजवर हसत आलो.

"उठा, डॉक्टरकडं."

"अगं, पोळी तरी..."

"उठा म्हणलं न्हवं!"

डॉक्टरांपुढं तिनं गेल्या वर्षीचा फोटो ठेवला. पाकिटावर लिहिलेलं: 'ताप. डबी मुठीत.' छाती आरशागत साफ! त्याच्या आधीचा: 'जिन्यावरून पडले. डबी खांद्यावर सरकली.' तिथं गोळा खांद्यावर!

"डॉक्टर, गोळा असा गावभर हिंडतो व्हय?" मग माझ्याकडं वळून, "गेल्या साली मीच मुठीत धरायला लावली. मुठीत असलं म्हंजे अंगावरच की! अन् ह्या टायमाला कुठं होती डबी?"

"पाठीवर," मी पुटपुटलो.

"मशीनला हाडं दिसत्यात, अन् पाठीमागची डबी दिसंना व्हय?"

डबी मुठीत धरून फोटो पुन्हा काढला. गोळा गायब! डॉक्टर चक्क उठून उभे राहिले. "अक्का, असं रेकॉर्ड आमच्या दवाखान्यात सुदिक न्हाई!" हैदराबाद टळलं, सुई टळली. त्या अभ्र्याला मी मनोमन हात जोडले.

घरी वीरण्णा शेवटची पोळी तुपात बुडवत होता. नागरत्ना मात्र आधी पाकिटं लिहायला बसली. पहिल्या फोटोच्या पाकिटावर, 'कामून काढला: खोकला.' मग दुसरं घेतलं, माझ्याकडं एकवार बघितलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं,

'कामून काढला: हुशारी.'