उणे दोनमधली दुरुस्ती

मंगळवारी सकाळी, पूर्ण शुद्धीत असताना, मी घरातला कॉम्प्युटर बिघडवायचं ठरवलं.

कारण सांगतो. आमची मुलगी प्रणाली नोकरीला बंगलोरला गेल्यापासून तिचा फोन फक्त रविवारी येतो आणि चार मिनिटांत संपतो. पण कॉम्प्युटर अडला की तीच पोरगी तासभर बोलते. मला तिची फार आठवण येत होती, आणि तसं सांगणं मला जमत नाही. (बावीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. लेखी द्यायची सवय आहे.)

बिघडवायची वस्तू तयारच होती. माझ्या बायकोची, दीप्तीची, बोटं पेटीच्या फक्त पांढरी एक पट्टीत चालतात आणि गाताना गळा लागतो काळी पाचमध्ये. म्हणून प्रणालीने जाण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या, वाजवायच्या कीबोर्डातून सुरांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात (याला मिडी म्हणतात), प्रोग्राम प्रत्येक आकड्यातून दोन वजा करतो आणि दीप्तीला हवा तो सूर वाजतो. सगळी करामत एका फाइलमधल्या ‘-2’ची. मी तिथे ‘-3’ केलं. थोडंसं बेसूर वाजेल, एवढीच अपेक्षा होती.

संध्याकाळी दीप्ती वाजवायला बसली, तर आवाजच नाही. मी मनातून घाबरलो आणि तोंडाने म्हणालो, “प्रणालीले फोन लावू का?”

“कीबोर्ड लिस्टमध्ये दिसून राहिला का, बाबा?” प्रणालीने व्हिडिओवर विचारलं.

“चष्मा शोधतो.” (चष्मा डोळ्यांवर होता. ती वाट पाहत होती, म्हणून शोधत राहिलो.)

केबल काढून लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मधल्या वेळात ती जेवत होती.

“जेवायले ब्रेड काहून खाऊन राहिली वं?”

“एकटीसाठी स्वयंपाक करावासा नाही वाटत, बाबा.”

रविवारच्या चार मिनिटांत हे कधी निघालंच नव्हतं.

सव्वा तासाने ती म्हणाली, “आता प्रोग्राम हातानं चालवा. काय लिहून येते?”

“दुसऱ्या ओळीत आकडा नाही म्हणते.”

“फाइलमध्ये ओळच एक आहे. फोन स्क्रीनसमोर धरा.”

धरला. मायलेकींनी एकदमच वाचलं. ‘-3’ आणि त्याखाली: ‘वरील आकड्यात दुरुस्ती केली. सही/- सुमंत, वरिष्ठ लिपिक.’ शिवाय तारीख.

कागदावर खाडाखोड केली की खाली सही करायची, हे माझा हात मला न विचारताच करतो.

“हे काहून केलं, बाबा?”

मी केबल न्याहाळू लागलो. शेवटी दीप्तीच बोलली, “तुह्याशी बोलायले मिळत नाही त्यायले, म्हणून.”

मग प्रणाली हळूच म्हणाली, “काही बिघडवू नका, बाबा. उगाचच फोन करत जा. मले पण करमत नाही इथं.”

दुसऱ्या दिवशी लगेच केला. दिवसभर काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

“बोला, बाबा.”

“जेवली?”

“हो. तुम्ही?”

“हो. आईले देतो.”

त्या दोघी पन्नास मिनिटं बोलल्या. मी शेजारी बसून सारखा खुणा करत होतो, मलाही बोलायचंय म्हणून. अखेर दीप्तीने फोन माझ्या हातात दिला.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, “बरं, ठेवतो मग.”