खोबरेल प्यालेले ब्रेक

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी पायी चालायचं विसरले होते. ससा मोटरसायकलवर, कासवही मोटरसायकलवर. त्यामुळे त्यांच्या शर्यतीची गोष्ट आता कुणी सांगत नसे.

तिथे घाटमाथ्यावर मार्तंडराव नावाचं अस्वल राहायचं. स्वभावाने गरीब. पण सासुरवाडीचं नाव काढलं की ते तोंड लपवायचे. सासरे चारचौघांत म्हणायचे, "आमचा जावई बिनकामाचा. कार्याला येतो, तोही पंगत उठल्यावर." आणि ते खोटं नव्हतं, हेच मार्तंडरावांचं दुःख.

आता घाटाखाली मेहुणीचं लग्न होतं. या वेळी अक्षतांना उभं राहायचंच, असा त्यांनी निश्चय केला. नेमके गाडीचे ब्रेक पॅड झिजलेले.

"गॅरेजात टाका ना," बायको सुलोचना म्हणाली.

"छे! मोबाइलवर एक जिराफ शिकवतो. सोप्पं असतं गं."

मार्तंडराव अंगणात बसले. जुने पॅड उपसले. नवे जाड, आत जाईनात. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबला, तेव्हा कुठे बसले. त्यांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मिशी नसताना त्यांनी मिशीला पीळ दिला.

पण ब्रेक दाबला की 'किर्रर्र'!

आता त्यांच्या घरची रीत अशी, की कुरकुरेल त्याला तेल. दाराला तेल, झोपाळ्याला तेल, आजोबांच्या गुडघ्यालाही तेल. मार्तंडरावांनी खोबरेलाची बाटली आणून पॅडना न्हाऊ घातलं. मागच्या ब्रेकला वाईट वाटायला नको, म्हणून त्यालाही. आवाज बंद!

दोघं निघाली. पहिल्याच उतारावर मार्तंडरावांनी ब्रेक दाबला. गाडी आणखी खुशीत पळाली.

"अहो, हळू!"

"हळूच चाललोय," मार्तंडराव म्हणाले. मग पुढचं वळण दिसलं आणि त्यांना रडूच फुटलं. "सुलू, थांबत नाहीये गं! तेल घातलं मी! गाढव आहे मी!"

"गाढव कसले, गाढवं थांबतात तरी!" सुलोचना ओरडली आणि डोळे मिटून त्यांना घट्ट बिलगली.

घाट संपला. गाडी मांडवामागच्या कडब्याच्या गंजीत घुसली. कान झाडत दोघं बाहेर आली. सगळं अंग जागेवर होतं. आत मंगलाष्टकं नुकतीच सुरू होत होती.

सासरे धावत आले. डोळ्यांत पाणी. "जावईबापू! वेळेवर? आणि एवढ्या ओढीने?"

लोक बघत होते. गप्प राहिलं असतं, तर मान आयताच होता. पण मागे सुलोचना अजून त्यांचा हात सोडत नव्हती. मार्तंडरावांनी मान खाली घातली.

"मामा, यात माझं काही नाही. ब्रेकला तेल घातलं होतं."

सासरे थक्क झाले. मग वळून गरजले, "ऐकलंत? ब्रेकला तेल! म्हणून वेळेवर! अरे, वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्यांना तेल घाला!"

"मामा, नको हो! मरतील सगळे!"

"बघा, किती विनय!" सासऱ्यांनी त्यांना फेटा बांधला.

संध्याकाळी तेल घातलेल्या गाड्यांवरून वऱ्हाड पुढच्या घाटाने नवरदेवाच्या गावी निघालं. मार्तंडराव हात पसरून आडवे धावले, तर लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली. वऱ्हाड वेळेआधी पोचलं, आणि गाव मागे टाकून पुढेही गेलं.

मार्तंडराव आणि सुलोचना पायीच घरी परतली.

तात्पर्य: आपला गाढवपणा झाकायची मुळीच गरज नाही. खुशाल कबूल करावा. लोक त्यालाच मार्गदर्शन समजतात.